मंगलाताईंचा बैल

मंगलाताईंना काही विचारलं की त्या दोन्ही हात पाठीमागे नेऊन आपलंच मनगट धरायच्या आणि उलट विचारायच्या, "तुला काय वाटतं?" हे ऐकून ज्याचं डोकं फिरलं नाही असा माणूस मला अजून भेटलेला नाही. माझं तर दर रविवारी फिरायचं.

ही १९८७ सालची गोष्ट. नागपूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला होतो आणि मंगला देवीदास सोमकुवर आमच्या प्रयोगशाळेत लॅब असिस्टंट होत्या. मूळच्या हद्दीपलीकडच्या, मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या. वडील तिथल्या नगरपालिकेत नळखात्यात होते, आई लीलाबाई हंगामात संत्र्याच्या बागांत तोडीला जायची. कॉलेजात सगळे त्यांना सोमकुवर मॅडम म्हणत. मंगलाताई म्हणायची ती सौंसरची पोरं, आणि त्यांच्या नादी लागून पुढे मीही.

त्या वर्षी विभागात छोटे संगणक आले होते. नुसता कीबोर्डाचा जाडसर डबा. तो टीव्हीला जोडायचा आणि लिहिलेला प्रोग्राम टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवर साठवून ठेवायचा. आमच्या प्राध्यापकांनी त्याला पहिल्याच आठवड्यात खेळणं ठरवून टाकलं आणि एक डबा तर खोक्यातून बाहेरसुद्धा निघाला नाही. मॅडम विभागप्रमुख यशवंतराव ढोबळे सरांकडे गेल्या आणि म्हणाल्या, हा मला रविवारी द्या, मी सौंसरच्या पोरांना शिकवते. सर आधी हसले. मग म्हणाले, आपले दोन-तीन विद्यार्थी सोबत न्या आणि मोडू नका. अशी माझी वर्णी लागली. समाजसेवा वगैरे माझ्या डोक्यात अजिबात नव्हती. संत्र्यांचा मोसम तोंडावर आला होता, आणि बागेतली संत्री फुकटात खायला मिळतील एवढाच माझा हिशेब होता.

रविवारी सकाळी छिंदवाड्याकडे जाणारी बस पकडायची. खोका मॅडमच्या मांडीवर, तारांची पिशवी माझ्या. सावनेरला बस थांबली की आलुबोंडे. सावनेर सुटलं की मॅडमची भाषा बदलायची. कॉलेजात "मला वाटतं, सर" असं तोलून-मापून बोलणारी ही बाई हद्द ओलांडायच्या आधीच "काहून रे, मुकुंद, झोपून राहिला का?" वर यायची. मला ती दुसरी बाई जास्त आवडायची.

वर्ग भरायचा त्यांच्या वस्तीतल्या बुद्धविहारात. मातीच्या भिंती, वर कवेलूंचं म्हणजे कौलांचं छप्पर, आणि खाली शेणानं सारवलेली जमीन. लीलाबाई आणि शेजारच्या बाया शनिवारी संध्याकाळी ती मुद्दाम नव्यानं सारवायच्या, कारण नागपूरहून मशीन येणार. टीव्ही मात्र शेजारच्या देवकाबाईंचा. त्यांच्या मुलानं तो नुकताच घेतला होता आणि रविवारची मालिका संपल्याशिवाय त्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती. मालिका संपायची, देवकाबाई डोळे पुसायच्या, आणि मग चार पोरं तो टीव्ही ढकलगाडीवर घालून, अंथरूण-पांघरुणात गुंडाळून विहारात आणायची. आम्ही भावी इंजिनिअर तोवर बाहेर बसून संत्री सोलायचो.

पोरं दहा-बारा असत. त्यांत दोघं कायमची लक्षात राहिली. एक गुणवंता, सदा पळायच्या तयारीत असलेला. दुसरी यमुना, शकुबाईची मुलगी, आठवीतली. शकुबाई लीलाबाईंबरोबर तोडीला जायची. यमुना मंगलाताईंशी उघड भांडायची. "सांगा न ताई, कायले जीव घेऊन राहिल्या?" ताई हात मागे बांधून म्हणायच्या, "तुले काय वाटते?" यमुना पाय आपटून पुन्हा टीव्हीसमोर जाऊन बसायची.

कॉलेजात आम्ही एक यंत्र बनवलं होतं. जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या, डब्याचं झाकण, खाली दोन चाकं, प्रत्येक चाकाला वेगळी मोटर, मधोमध खडू अडकवायला खाच. संगणकातून लांब तार यायची आणि प्रोग्राममध्ये लिहिलं तसं ते पुढे जायचं, वळायचं, खडूनं जमिनीवर रेघ ओढायचं. पुस्तकात त्याला कासव म्हटलं होतं. सौंसरच्या पोरांना ते पटेना. "कासव कुठं काम करते का?" असं गुणवंतानं विचारलं. आमच्या भागात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो, त्या दिवशी पोरं चाकांचे लाकडी बैल ओढत घरोघर फिरतात. गुणवंतानं घरच्या मोडक्या बैलाचं मुंडकं आणून झाकणावर चिकटवलं. त्या दिवसापासून तो बैल झाला. आणि बैल म्हटल्यावर त्यानं शेत नांगरायला हवं, हे ओघानं आलंच. एक तास, म्हणजे नांगराची एक रेघ, सरळ, मग वळण, थोडं पुढे, पुन्हा वळण, आणि उलट दिशेनं दुसरं तास.

ऐकायला सोपं आहे. काटकोनात वळायला चाक किती वेळ फिरवायचं, तो आकडा सापडायला पोरांना दिवाळीच्या आधीपासून डिसेंबरपर्यंतचा काळ लागला. कधी बैल कमी वळायचा, कधी भिंतीत शिरायचा. मला तो आकडा हिशेबानं काढता आला असता. तसं मी म्हणालोही. ताईंनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी गुपचूप संत्रं सोलायला घेतलं.

मग एकदा परतीच्या बसमध्ये मी चिडूनच विचारलं, की पोरं अडतात, तुम्ही नुसत्या उभ्या राहता, हे कसलं शिकवणं? मग त्यांनी सांगितलं. पॉलिटेक्निकच्या त्यांच्या वर्गात मुली दोनच. मुलं चांगली होती, कुणी वाकडं बोललं नाही. पण मंगला कुठे अडली, हात थोडा थांबला, की कुणीतरी शेजारून यायचं आणि "दे, मी करून देतो" म्हणत हातातली तारांना टाका घालायची सोल्डरिंग गन काढून घ्यायचं. सरसुद्धा. तीन वर्षं असंच चाललं. "फर्स्ट क्लास भेटला मले," त्या म्हणाल्या, "अन् एक टाका बी माह्या हातचा नव्हता. नोकरी लागल्यावर लोकं घरी गेले का मी भंगारातल्या तारा घेऊन बसो. रडू ये." एवढं बोलून त्यांनी पर्समधून शेंगदाणे काढले आणि विषय संपवला. त्यानंतर मी पोरांच्या कीबोर्डाला हात लावला नाही. लावावासा फार वाटायचा, ती गोष्ट वेगळी.

डिसेंबरात भानगड उपटली. कॉलेजात हिशेबतपासनीस आले आणि त्यांनी विचारलं, की सरकारी पैशाची ही वस्तू दर रविवारी महाराष्ट्राची हद्द ओलांडून मध्य प्रदेशात कशी जाते? त्यांचंही चुकलं असं नाही म्हणता येणार. ढोबळे सरांनी मॅडमना बोलावून घेतलं. माणूस मनानं मोठा, पण घाईचा. "सोमकुवर, जानेवारीत आपलं प्रदर्शन आहे," ते म्हणाले. "तुमच्या पोरांना घेऊन या. त्यांनी केलेलं काम मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं तर मी कुणाशीही भांडीन. नाहीतर खोका कपाटात जाईल. मग माझ्याकडे यायचं नाही."

ताईंनी पुढच्या रविवारी ही गोष्ट पोरांपासून लपवली नाही. विहारात सगळ्यांना बसवून सांगितली. "बैल चालला तं मशीन येत राहीन. नाई चालला तं हा वर्ग बंद." देवकाबाई दारात उभ्या होत्या. "बंद कायले होते? चालून तं राहिला हाये," त्या म्हणाल्या. आणि खरंच, बैल आता झकास चालायचा. त्या सारवलेल्या जमिनीवर तो एकाशेजारी एक अशी तासं ओढायचा, की शकुबाईसुद्धा काम टाकून पाहायला यायची. आम्ही निर्धास्त झालो.

प्रदर्शनाच्या दिवशी सहा पोरं आली. केसांना चापून तेल, यमुनाच्या रिबिनी एवढ्या घट्ट की तिच्या भुवया वर गेल्या होत्या. कॉलेजचा हॉल नुकताच धुऊन पुसला होता आणि फरशी अशी लखलखीत की गुणवंतानं दारातच दोनदा घसरून पाहिलं. आम्ही फरशीवर खडूनं शेताची चौकट आखली, टीव्ही मांडला, कॅसेट चढवली. प्रोग्राम टेपवरून उतरायला नेहमीसारखा वेळ लागला. कर्र-कर्र आवाज संपला आणि यमुनानं बैल सोडला.

पहिलं तास नीट गेलं. मग बैल वळला आणि जरा जास्तच वळला. पुन्हा वळला, पुन्हा जास्त. दुसरं तास तिरपं होऊन पहिल्याला छेदून गेलं, तिसरं चौकटीबाहेर पडलं, आणि बैल तार ओढत शेजारच्या स्टॉलच्या टेबलाखाली शिरला. तिथं कुणीतरी जलविद्युत प्रकल्पाची प्रतिकृती मांडली होती, ती थोडक्यात वाचली. "बैल उधळला रे," असं म्हणून लोक हसले.

पोरांनी तो परत आणून सोडला. तसाच उधळला. गुणवंतानं चाकं काढून फुंकली, पुन्हा बसवली. उधळला. मला खात्री होती की मोटरला वीज जास्त मिळते आहे, आणि मी मॅडमच्या कानाशी लागून तसं सांगितलं. त्यांचे हात मागेच होते. पण मनगट त्यांनी असं आवळलं होतं की बांगड्या मांसात रुतल्या होत्या.

तेवढ्यात ढोबळे सर आले. त्यांनी एकदा बैलाची धाव पाहिली, दुसऱ्यांदा पाहिली, आणि त्यांचा चेहरा पडला. त्यांना हा वर्ग चालायला हवा होता, हे मी आजही शपथेवर सांगेन. घड्याळाकडे पाहून ते यमुनाच्या शेजारी वाकले. "सरक बेटा," ते प्रेमानं म्हणाले, "दे इकडे. मी करून देतो." त्यांनी कीबोर्डाकडे हात नेला. यमुनाची बोटं कीबोर्डावर होती. ती हळूहळू मागे सरकायला लागली.

"सर, तिच्या हातातून घेऊ नका."

मॅडमचा आवाज मोठा नव्हता. पण आमच्या विभागात ढोबळे सरांना "नका" म्हणणारं माणूस कुणी पाहिलं नव्हतं. आजूबाजूचे दोन-तीन प्राध्यापक वळले.

सर ताठ झाले. "सोमकुवर, मी मदत करतो आहे."

"हो सर. माहीत आहे मला. तरी नको."

"मला पुढचे स्टॉल पाहायचेत. इथं पुन्हा यायला वेळ होणार नाही."

"मग थोडं थांबा, सर," मॅडम म्हणाल्या. "तिला पाहू द्या."

सर गेले नाहीत. बहुतेक रागानंच थांबले. यमुनानं एकदा ताईंकडे पाहिलं, आणि आता काही सांगतील ही आशा सोडून दिली. ती उठली, चौकटीत जाऊन उकिडवी बसली आणि उधळलेल्या तासांकडे पाहत राहिली. मग तिनं फरशीवरून तळहात फिरवला. एकदा, दोनदा. आणि तक्रारीच्या सुरात म्हणाली, "इथं तं सारवलंच नाई."

लोक पुन्हा हसले. गुणवंता मात्र हसला नाही. "शेण आणू का?" त्यानं विचारलं, आणि तो दाराकडे निघालाही. फाटकापाशी त्यानं येताना गाय पाहून ठेवली होती.

"वाळाले येळ लागते, बह्याड," यमुना म्हणाली. "आकडा बदलाव लागते."

मग माझ्याही डोक्यात उजेड पडला. वळणाचा तो आकडा त्यांनी इतके महिने खपून काढला होता तो विहाराच्या जमिनीवर. सारवणात वळताना चाक थोडं रुतायचं, थोडं घसटायचं, आणि तेवढी भर त्या आकड्यात होती. या गुळगुळीत फरशीवर चाकाला कुणी अडवतच नव्हतं. जमीन सारवलेली नसेल हा विचार सौंसरच्या पोरांच्या मनात येणं शक्यच नव्हतं. पाहुणे येणार म्हटल्यावर जमीन सारवतात, हे त्यांना माहीत होतं. कॉलेजात तर केवढे पाहुणे आले होते.

यमुनानं खडू काढून ठेवला आणि बैलाला नुसतं वळायला लावलं. तोंड कुठे गेलं ते पाहिलं, आकडा कमी केला, पुन्हा वळवलं. दोन-चार वेळात तोंड बरोबर चौकटीच्या रेघेशी आलं. पण काम तिथं संपलं नाही. पोरांनी तो आकडा प्रोग्राममध्ये प्रत्येक वळणाला वेगळा लिहिला होता, आणि वळणं बरीच होती. यमुना एकेक ओळ टीव्हीवर आणून दोन बोटांनी नवा आकडा टाकत बसली. ढोबळे सरांनी घड्याळ पाहिलं. मग कुठूनशी खुर्ची ओढली आणि बसले. हॉलमध्ये एवढी माणसं, पण मला फक्त ते बटणांचे आवाज ऐकू येत होते.

बैल निघाला. पहिलं तास सरळ. वळला, दुसरं सरळ. तिसरं, चौथं. शेवटच्या वळणाला मात्र पुन्हा जास्त फिरला आणि शेवटचं तास तिरपं गेलं. "एक राहिला," यमुना स्वतःशीच म्हणाली आणि राहिलेली ओळ शोधायला वळली. जो आकडा बदलावा लागू शकतो तो एकाच जागी, नाव देऊन लिहून ठेवावा, हे तिला त्या दिवशी कायमचं कळलं. मला ते दोन वर्षांच्या लेक्चरांत ऐकूनही नीट कळलं नव्हतं.

"कोणी सांगितलं तुला हे?" सरांनी तिला विचारलं.

"कोणीच नाई," यमुना वैतागून म्हणाली. "आमच्या ताई काईच सांगत नाईत. तुमी तरी सांगा त्याईले, सर. लय राग येते."

ढोबळे सर हसू दाबायचा प्रयत्न करत राहिले आणि मग मोठ्यानं हसले. उठताना मॅडमना म्हणाले, "खोका घेऊन जा. तपासनीसाला काय उत्तर द्यायचं ते मी पाहतो." दोन पावलं गेले आणि परत वळले. "पण पुन्हा मला असं सगळ्यांसमोर बोलायचं नाही." मॅडम "हो सर" म्हणाल्या. अगदी मनापासून म्हणाल्या.

वर्ग पुढे कितीतरी वर्षं चालला. पुढच्या वर्षी पांढुर्ण्यातही सुरू झाला, तिथं तिगाववरून दोन मुली आगगाडीनं यायच्या. यमुनानं पॉलिटेक्निक केलं. मी पास झालो, नोकरीला लागलो, आता माझ्या हाताखाली माणसं आहेत आणि ती अडली की मला अजून चुळबुळ सुटते. पण मला सांगायचं आहे ते त्या दिवशीच्या परतीच्या बसचं. पोरांना घरी पोचवायला मीही गेलो होतो. सगळी पोरं मागच्या बाकांवर गाणी म्हणत होती. खोका ताईंच्या मांडीवर होता. सावनेर मागे पडलं होतं.

मी अजून तापलेलाच होतो. "मॅडम, एक आकडा तर बदलायचा होता," मी म्हणालो. "एवढा वर्ग पणाला लागला होता. नुसतं 'जमीन पाहा' एवढं तरी म्हणायचं होतं तिला. तुम्ही कशा उभ्या राहिलात?"

मी काय विचारतो आहे तेच त्यांना कळत नव्हतं. मग हळूच, पोरांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं त्या म्हणाल्या, "मले कुठं माहीत होतं रे, मुकुंद? मले वाटलं, मोटर बिघडली. मी तं वर्ग गेला असंच धरून चालली होती."

इतके महिने मी समजत होतो की या बाईला उत्तर माहीत असतं आणि ती हट्टानं सांगत नाही. त्या दिवशी त्यांच्याजवळ काहीच नव्हतं, आणि तरी त्या सरांना नको म्हणाल्या होत्या. त्या क्षणी मला त्यांचा भयंकर राग आला आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवावंसंही वाटलं. यांतलं काहीच मी केलं नाही. त्यांच्या मांडीवरचा खोका उचलून मी माझ्या मांडीवर घेतला. त्यांच्या मनगटावर बांगड्यांचे वळ अजून तसेच होते, आणि मागे यमुना सगळ्यांच्या वरच्या आवाजात गात होती.